सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट : शेवटच्या अक्षरावर अडलेले प्रश्न

सकाळी तासगावात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायचं आणि दुपारी सावळजच्या बाजूला आमच्या दोन एकर द्राक्षबागेत जायचं, असा माझा दिवस. त्यामुळे मोबाईलवर दोन तऱ्हेचे फोटो येतात. पोरं वहीतली समीकरणं पाठवतात आणि भावकीतले, गावातले लोक पोत्यांवरचे, डब्यांवरचे छापील कागद. विचारायचं असतं बहुतेक एकच : "सर, हे सल्फ-काहीतरी लिहिलंय, हे तेच का?" वेगवेगळ्या लोकांना तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदा लिहूनच काढलं.

सल्फाइड, सल्फाइट आणि सल्फेट ही एकाच वस्तूची तीन नावं आहेत का?

नाही. तिन्हींत गंधक आहे, म्हणून सुरुवात सारखी. शेवट सांगतो की त्या गंधकाबरोबर ऑक्सिजन किती आहे. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन नसतोच. सल्फाइटमध्ये एका गंधकामागे तीन ऑक्सिजन असतात, सल्फेटमध्ये चार.

ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्या एका ऑक्सिजनने स्वभाव पालटतो. सल्फेट हा पोट भरलेला माणूस. त्यातल्या गंधकाला आणखी ऑक्सिजन नको असतो, त्यामुळे तो शांत असतो. तुरटी, जिप्सम, मॅग्नेशियम सल्फेट ही सगळी त्याच घरातली. सल्फाइट अर्धपोटी असतो. मिळेल तिथून ऑक्सिजन ओढतो, म्हणूनच तो फळाचा रंग काळवंडू देत नाही आणि बुरशीला जगू देत नाही. आणि सल्फाइडवर आम्ल पडलं की सडक्या अंड्याचा वास येणारा विषारी वायू सुटतो. सोडियम सल्फेट, सोडियम सल्फाइट आणि सोडियम सल्फाइड हे तिन्ही पदार्थ बाजारात मिळतात. पहिला कपड्याच्या पावडरीत भरताड म्हणून घालतात, दुसरा टिकवणीत आणि बॉयलरच्या पाण्यात, तिसऱ्याने कातडी कमावताना केस काढतात. आता ठरवा, कुठला कुठल्याच्या जागी चालेल.

मराठीत घोळ जास्त होतो, कारण 'सल्फाइड' आणि 'सल्फाइट' यांत फक्त ड आणि ट एवढाच फरक. फोनवर तर काहीच कळत नाही. मी म्हणतो, फोटोच पाठवा.

'एट' म्हणजे आठ, मग सल्फेटमध्ये आठ ऑक्सिजन का नाहीत?

दरवर्षी एक तरी पोरगं हे विचारतं, आणि विचारणारं पोरगं हुशार असतं. या 'एट'चा आकड्याशी संबंध नाही. १७८७ साली फ्रान्समध्ये ग्योतों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूर्क्रुआ या चौघांनी रसायनांना नावं देण्याची पद्धत बसवली, त्यातले हे प्रत्यय. ऑक्सिजन जास्त असलेल्या आम्लापासून झालेल्या क्षाराला 'एट', कमी असलेल्यापासून झालेल्याला 'आइट'. सल्फ्युरिक आम्लापासून सल्फेट, सल्फ्युरस आम्लापासून सल्फाइट.

म्हणजे प्रत्यय फक्त जास्त-कमी सांगतो, मोजून देत नाही. नायट्रेटमध्ये तीन ऑक्सिजन आहेत आणि नायट्राइटमध्ये दोन. 'एट म्हणजे चार' असं पाठ करून बसलेली मंडळी नायट्रेटला आपटतात.

स्पेलिंगमध्ये कुठे 'पीएच' असतं, कुठे 'एफ'. दोन्ही वेगळे पदार्थ का?

एकच. ब्रिटिश पद्धतीत 'पीएच', अमेरिकन पद्धतीत 'एफ'. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० मध्ये 'एफ' स्वीकारला. आपल्याकडच्या पोत्यांवर अजून दोन्ही दिसतात. देवनागरीत दोन्हीकडे 'फ'च, त्यामुळे हे भांडण आपल्या दारात आलंच नाही.

बागेत भुरीला 'सल्फर' मारतो ते यातलं कोणतं?

यातलं कुठलंच नाही. ते नुसतं गंधक, कुणाशी न जोडलेलं मूलद्रव्य. '८० टक्के पाण्यात मिसळणारं सल्फर' म्हणजे शंभरात ८० भाग गंधक आणि बाकी ते पाण्यात पसरावं म्हणून घातलेले पदार्थ. ते विरघळत नाही, नुसतं तरंगत राहतं. म्हणून टाकीत ढवळणं चालू ठेवावं लागतं, नाहीतर गंधक तळाशी बसतं, काही ओळींना नुसतं पाणी जातं आणि काहींना दाट औषध.

ऊन तापलं, पारा ३२-३५ च्या वर गेला की गंधकाने पानं आणि मणी भाजतात. तेलकट औषधाच्या आगेमागेही ते मारू नये. हे सगळं मूलद्रव्याचे गुण. "सल्फेटने कधी पान भाजत नाही, मग सल्फरने कसं भाजेल" असा वाद माझ्या चुलतभावाने एका एप्रिलमध्ये घातला होता. नंतर त्याची पानं बघून दोघंही गप्प बसलो. शिवाय त्याचं मूळ वाक्यही चूक होतं, ते पुढच्या उत्तरात.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच ना? मग त्यात चुना कशाला?

हो, मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पाच पाण्यांसकट. निळा रंग त्या पाण्यामुळे. तव्यावर तापवलं की पाणी उडून पांढरी भुकटी उरते, आणि तिच्यावर थेंब टाकला की परत निळी. पोरांना हा प्रयोग दाखवला की मागचा बाकसुद्धा उठून पुढे येतो.

डाऊनीवर (द्राक्षाच्या केवडा रोगावर) जे काम होतं ते तांब्याचं. सल्फेट नुसता सोबतीला असतो. पण नुसतं मोरचूद पाण्यात विरघळवून मारलं तर एकदम मोकळं झालेलं तांबं पान जाळतं. चुना त्याला बांधून ठेवतो आणि ते पानावर हळूहळू सुटतं. फ्रान्सच्या बोर्डो भागात मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण लोकांपुढे आणलं, म्हणून नाव बोर्डो. १ टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी.

चुना पुरेसा झाला का, हे बघायला आमच्या आबांची पद्धत अजून तीच आहे. बागेतला छाटणीचा जुना चाकू दगडावर घासून चकचकीत करायचा आणि मिश्रणात मिनिटभर धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं मोरचूद शिल्लक आहे, अजून चुन्याची निवळी ओतायची. पातं तसंच राहिलं की फवारा. आबांना विस्थापन अभिक्रिया हा शब्द माहीत नाही, पण शाळेच्या पुस्तकात लोखंडाच्या खिळ्याचा जो प्रयोग आहे तो ते गेली चाळीस वर्षं करतायत. मिश्रण लोखंडी पिंपात करायचं नाही याचंही कारण तेच.

झिंक सल्फेटच्या दोन पिशव्या, एक २१ टक्के आणि एक ३३ टक्के. महाग घेऊ की स्वस्त?

पदार्थ एकच, पाणी वेगळं. २१ टक्केवाल्यात एका झिंक सल्फेटमागे सात पाणी असतात, ३३ टक्केवाल्यात एक. म्हणजे ३३ ची १ किलो पिशवी ही २१ च्या साधारण दीड किलोपेक्षा थोडी जास्त भरते. किलोचा भाव टक्क्यांनी भागा आणि मग ठरवा. दुकानदार पिशवीचा भाव सांगतो, आपण झिंकचा भाव काढायचा.

असाच एक घोळ आयात खतांच्या पिशवीवर असतो. 'सल्फर ट्रायऑक्साइड ४५ टक्के' असं लिहिलेलं असतं आणि माणूस म्हणतो, बापरे, ४५ टक्के गंधक! तो आकडा ०.४ ने गुणा. गंधक १८ टक्के. फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी.

जमिनीला गंधक टाकायचं, तर सल्फर टाकू, सल्फेट टाकू की जिप्सम?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि दोन ओळींत उत्तर देणारा माणूस दिसला की मी सावध होतो. गंधक कशासाठी हवंय ते आधी सांगा.

पिकाला खायला हवं असेल, तर मुळांना फक्त सल्फेट घेता येतं. अमोनियम सल्फेट, ०:०:५० (म्हणजे पोटॅशियम सल्फेट), मॅग्नेशियम सल्फेट, सिंगल सुपर फॉस्फेट यांतलं गंधक तयार जेवण आहे. टाकलं, पाणी दिलं, मुळाशी गेलं. ९० टक्क्यांचं दाणेदार गंधक म्हणजे शिधा. तो आधी शिजायला हवा. जमिनीतले गंधक खाणारे जिवाणू त्याचं ऑक्सिडीकरण करतात, तेव्हा कुठे त्याचा सल्फेट होतो. त्याला ओल लागते, ऊब लागते, आणि आठवडे ते महिने लागतात. उसाला लागणीच्या वेळी टाकलं तर ठीक. पण पान पिवळं पडल्यावर दाणेदार गंधक टाकणं म्हणजे भूक लागल्यावर ज्वारी पेरायला घेण्यासारखं.

जमीन सुधारायची असेल, तर गणित वेगळं. वाळवा, मिरज, पलूसकडे कृष्णाकाठच्या कितीतरी जमिनी पाणी देऊन देऊन बिघडल्या. आपण सगळ्यांनाच 'क्षारपड' म्हणतो. पण नुसती क्षारयुक्त जमीन आणि चोपण जमीन यांत फरक आहे. क्षारयुक्त जमिनीवर पांढरा थर येतो. तिला चांगलं पाणी आणि निचरा हवा, जिप्सम टाकून फायदा नाही. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. भिजली की लोण्यासारखी, वाळली की विटेसारखी. सामू ८.५ च्या वर. तिथे जिप्समचं काम असतं. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणावरून ढकलतं, सोडियम सल्फेटबरोबर जोडी करून पाण्यात जातो आणि निचऱ्यावाटे शेताबाहेर. चर किंवा सच्छिद्र पाईप नसतील तर तो जाणार कुठे? तिथल्या तिथेच फिरत बसतो. निचऱ्याशिवाय जिप्समचे ट्रक ओतणाऱ्यांचे पैसे मातीत जातात, अक्षरशः.

आता गंमत. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी भरपूर असते. तिथे नुसतं गंधक टाकलं की जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, ते चुनखडीवर काम करतं आणि जमिनीतच जिप्सम तयार होतं. वजनाचा हिशोब केला तर १ किलो गंधकापासून सुमारे ५.४ किलो जिप्सम. वाहतूक वाचते. पण वेळ लागतो, आणि चुनखडी नसेल तर हा खेळ होत नाही. म्हणून आधी माती तपासणी, मग दुकान.

मॅग्नेशियम सल्फेट सोडल्यापासून ड्रीप चोक झालंय. माल भेसळीचा असेल का?

आधी सांगा, त्याच टाकीत कॅल्शियम नायट्रेट होतं का?

हे मी अनुभवावरून विचारतोय. फळछाटणीनंतरची घाईची सकाळ, कॉलेजला नऊला पोहोचायचं होतं. दोन्ही पिशव्या एकाच २०० लिटरच्या टाकीत ओतल्या आणि काठीने ढवळलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. मला वाटलं, अजून विरघळायचंय. टाकीतलं खत ड्रीपच्या पाण्यात ओढणारी व्हेंचुरी चालू करून निघून गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर खालच्या बाजूच्या चार लॅटरलवर (ओळीतल्या बारीक नळ्यांवर) एकही ड्रिपर धड टपकत नव्हता. एक उघडला, तर आत ओल्या खडूसारखा पांढरा लगदा. जिप्सम! कॅल्शियम आणि सल्फेट दाट पाण्यात समोरासमोर आले की जिप्सम होऊन खाली बसणारच. हे मी स्वतः फळ्यावर लिहून शिकवतो. त्या रात्री घरात कुणाला कारण सांगितलं नाही, फक्त "फिल्टर बघायला पाहिजे" एवढंच म्हणालो.

कुठलंही सल्फेट आणि कॅल्शियम नायट्रेट वेगवेगळ्या दिवशी सोडा, निदान वेगळ्या टाकीतून आणि मध्ये साधं पाणी देऊन. आणि जिप्सम आम्लाने फारसं सुटत नाही, त्यामुळे आम्ल सोडून सगळं मोकळं होईल या भरवशावर राहू नका. आम्ही त्या लॅटरलवरचे ड्रिपर बदलले.

बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. मग बेदाण्यात 'सल्फर' असतं का?

बेदाण्यात गंधक जात नाही, सल्फाइट जातं. फरक बघा. गंधक पेटवलं की निळ्या ज्योतीने जळतं आणि सल्फर डायऑक्साइड वायू होतो. काडी ओढल्यावर नाकात झणका बसतो, त्याची आठवण करून देणारा वास. बंद खोलीत रॅकवर माल ठेवून ही धुरी दिली की वायू मण्यातल्या ओलाव्यात विरघळतो आणि त्याचं सल्फाइट होतं.

ते तिथे काय करतं? सफरचंद कापून ठेवलं की तपकिरी होतं ना, तेच द्राक्षात होऊ पाहतं. मण्यातलं विकर आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रंग काळवंडवतात. सल्फाइट त्या विकराला आवरतं. म्हणून पिवळाधम्मक सोनेरी माल. आपल्याकडे आधी माल डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवतात. त्याने मण्यावरचा मेणचट थर सैल होतो आणि माल शेडमध्ये लवकर वाळतो. त्याचा गंधकाशी संबंध नाही. लोक दोन्हींना मिळून 'केमिकल' म्हणतात आणि चर्चा तिथेच संपते.

सौद्यात रंगाला भाव आहे, हे मी नाकारत नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे इथली कोरडी हवा आणि लोकांचं कसब आहे. पण झणका यायला लागेल इतकी धुरी देणं हे कसब नव्हे. डबा उघडल्यावर डोळे चुरचुरत असतील तर तो माल घेऊ नका. साठवणीत हे सल्फाइट हळूहळू ऑक्सिजन घेऊन सल्फेट होत जातं, काही वायू होऊन उडतं. म्हणूनच जुना माल तांबूस पडायला लागतो आणि व्यापारी कोल्ड स्टोरेजचं भाडं भरतात.

आमच्या घरी खायला वेगळा ठेवलेला बेदाणा धुरीशिवायचा असतो. दिसायला तपकिरी, सौद्यात कुणी उचलणार नाही असा. आई त्याच्याशिवाय शिऱ्यात दुसरा बेदाणा घालू देत नाही.

मला सल्फाच्या गोळ्यांची ॲलर्जी आहे. बेदाणा खाऊ का?

दोन वेगळ्या गोष्टी. 'सल्फा' म्हणजे सल्फोनामाइड गटातली औषधं. जर्मनीच्या गेरहार्ड डोमाक यांना १९३९ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. सल्फाइटची ॲलर्जी त्याहून निराळी असते, आणि सल्फेटचा तर दोन्हींशी संबंध नाही. सल्फेट आपल्या रक्तात मुळातच असतं. सल्फा चालत नाही म्हणून कुणी सल्फेटचं औषध नाकारलं, तर उगाच गरजेचं औषध हातचं जाईल. लोहाच्या गोळ्यांवर 'फेरस सल्फेट' आणि दम्याच्या औषधावर 'साल्ब्युटामॉल सल्फेट' लिहिलेलं असतं. तिथे सल्फेट म्हणजे औषधाला धरून ठेवणारा क्षार, एवढंच.

सल्फाइटने मात्र दम्याच्या काही रुग्णांना खरोखर त्रास होतो. ज्यांना दमा आहे त्यांनी धुरीचा बेदाणा, सुकं जर्दाळू, बाटलीतली सरबतं जपून घ्यावीत आणि डॉक्टरांना 'सल्फाइट' हा नेमका शब्द वापरून सांगावं. पाकिटावर बारीक अक्षरात २२० ते २२८ मधला आकडा दिसला तर ते सल्फाइट. किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर तसं छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. ५१६ दिसला तर कॅल्शियम सल्फेट, त्याला घाबरायचं कारण नाही.

निर्यातीच्या पेटीत ठेवतात तो 'सल्फर पॅड' म्हणजे काय?

नाव सल्फर, आत सोडियम मेटाबायसल्फाइट. पेटीतला ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड थोडा थोडा सुटतो आणि प्रवासात मण्यांवर बुरशी धरत नाही. पॅड ओला झाला तर वायू एकदम सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. 'मेटाबाय' हा सल्फाइटचाच चुलता समजा.

त्याचा पोटॅशियमवाला भाऊ म्हणजे घरगुती सरबतात घालायचं 'केएमएस'. स्क्वॅशला लिटरमागे ०.६ ग्रॅम, म्हणजे चिमूटच. लिंबू, आवळा, आंबा यांना चालतं. महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीच्या सिरपमध्ये घालू नका. लाल रंग डोळ्यांदेखत फिका पडतो. तिथे सोडियम बेन्झोएट.

साखर कारखान्यात गंधक जाळतात आणि गूळवाले हायड्रोस घालतात. दोन्ही एकच का?

हेतू सारखा, पदार्थ वेगळा. कारखान्यात उसाच्या गरम रसात चुन्याची निवळी आणि सल्फर डायऑक्साइड सोडतात. कॅल्शियम सल्फाइट होतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि खाली बसताना रसातला गाळ, रंग सोबत घेऊन बसतं. पुढे पाकाला परत एकदा वायू देतात, म्हणून 'डबल सल्फिटेशन'. नाव 'सल्फिटेशन' आहे, 'सल्फेशन' नाही, आणि त्या एका अक्षरावर कारखान्यातली माणसं झोप घालवतात. गंधकाच्या भट्टीत पाणी शिरलं किंवा तापमान बिघडलं की डायऑक्साइडच्या पुढे जाऊन ट्रायऑक्साइड होतो. मग रसात कॅल्शियम सल्फेट तयार होतं. ते सल्फाइटपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं, त्यामुळे त्या वेळी रसातच राहतं आणि नंतर रस आटवताना नळ्यांच्या आत कपची होऊन बसतं. आपल्या पांढऱ्या साखरेत सल्फर डायऑक्साइड किलोला ७० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

गुऱ्हाळातलं हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. नावात सल्फाइट असलं तरी रचना सल्फाइटची नाही. नाव जुनं आणि दिशाभूल करणारं आहे. खरं नाव डायथायोनाइट. तो सल्फाइटपेक्षाही भुकेला असतो. काहिलीत टाकला की रस पिवळा दिसतो, पण हवेत राहून गुळाचा रंग काही दिवसांनी परत गडद होतो. एवढा खटाटोप दुकानातल्या पहिल्या नजरेसाठी. रानभेंडीच्या चिकट पाण्याने मळी काढलेला गूळ तांबूस असतो आणि तांबूसच राहतो.

शाम्पू 'सल्फेट-फ्री' घ्यावा का?

त्यातलं सल्फेट म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेटसारखे फेस करणारे पदार्थ. डोकं कोरडं पडत असेल तर सौम्य शाम्पू घ्या. शेतातल्या सल्फेटशी त्याचं नाव जुळतं, काम नाही.

विहिरीच्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. सल्फेट जास्त झालं का?

सल्फेटला वास नसतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. मात्र दोघांचं नातं आहे. विहिरीच्या तळाशी गाळ, पालापाचोळा असेल आणि हवा पोचत नसेल, तर काही जिवाणू सल्फेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि सल्फाइड मागे टाकतात. पुरानंतर बरेच दिवस पाणी तुंबलेल्या रानात खणलं की काळीकुट्ट, घाण वासाची माती लागते, तीही हीच करामत. ती काळी झाक लोहाच्या सल्फाइडची. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत चालवून घेतात. मॅग्नेशियम सल्फेट जास्त असलं की पोट सुटतं.

इथे थट्टा बाजूला ठेवतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे. सेप्टिक टाकी, मळीची टाकी, बंद पडलेला गोबरगॅसचा खड्डा, यांच्या तळाशी साठून राहतो. थोडा असताना वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभरच्या आसपास झाला की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणून माणूस खाली उतरतो. एक पडला म्हणून दुसरा उतरतो, तोही पडतो. वास येत नाही हा पुरावा धरू नका. आत कुणी पडलं तर उडी मारू नका, बाहेरूनच मदत बोलवा.

हातात पांढरी भुकटी आहे, नाव गेलंय. कुठलं ते कसं ओळखायचं?

घरी ओळखत बसू नका. प्रयोगशाळेत आम्ही असं करतो. चिमूटभर भुकटीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकायचं. झणका आला आणि डायक्रोमेटचा नारिंगी कागद हिरवा झाला, तर सल्फाइट. सडक्या अंड्याचा वास आला आणि लेड ॲसिटेटचा कागद काळा पडला, तर सल्फाइड. काहीच झालं नाही, तर द्रावणात बेरियम क्लोराइड. पांढरा साका आला आणि आम्लातही विरघळला नाही, तर सल्फेट. बेरियमची ही रसायनं विषारी असतात, म्हणून म्हणतो, घरी नको. परीक्षेत घाईने पोरं आम्ल न टाकताच बेरियम घालतात, सल्फाइटचाही पांढरा साका येतो आणि मार्क जातात.

मराठीत यांना आपले शब्द नव्हते का?

पदार्थांना होते, गटाला नव्हते. मोरचूद, हिराकस, तुरटी ही सल्फेटं. हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकची सल्फाइडं, हिंगूळ पाऱ्याचं. पोथीत चूक झाली की त्यावर पिवळा हरताळ फासून अक्षर झाकायचे, तिथूनच 'हरताळ फासणे'. म्हणजे एक सल्फाइड रोजच्या बोलण्यात आहे आणि कुणाला पत्ता नाही. पाठ्यपुस्तकात गंधक, गंधकाम्ल चालतं, पण सल्फाइट-सल्फेटला कुणी मराठी नाव देऊ केलं तरी पोत्यावर ते छापून येणार नाही. मी सल्फेटच म्हणतो. शब्द परका असला तरी चालेल, अक्षर चुकलेलं चालत नाही.

पैंजण काळे पडतात, तेही गंधकामुळेच का?

हो. हवेतल्या, घामातल्या, लसूण-कांदा-अंड्यातल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो. विट्याकडची गलाईवाली मंडळी देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यांना याचं नवल वाटणार नाही. घासून काढलं तर प्रत्येक वेळी थोडी चांदी जाते. त्यापेक्षा प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, पैंजण तिला टेकतील असे ठेवा, चमचाभर खायचा सोडा टाका आणि गरम पाणी ओता. ॲल्युमिनियम चांदीकडून गंधक काढून घेतो, चांदी जागच्या जागी परत येते. भांड्यातून हलका सडक्या अंड्याचा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. खडे बसवलेले किंवा मुद्दाम काळपट केलेल्या नक्षीचे दागिने यात टाकू नका.